मांडीतील गाठ आणि केमोचा निर्णय: सार्कोमाच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण भांडुपमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थाचे आहे. त्यांना येथे श्री. अ. म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले असून वैद्यकीय घटनाक्रम होता तसाच ठेवला आहे. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर आहे, कर्करोगतज्ज्ञ नव्हे. उपचारांचे मोठे निर्णय माझ्या हातात नव्हते. परंतु त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाच्या आधी आणि नंतर हे कुटुंब माझ्या दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसले, आणि दोन ठिकाणी चूक माझी स्वतःची होती, म्हणून हा वृत्तान्त मीच लिहिणे योग्य वाटते.

श्री. अ. त्या वेळी ४१ वर्षांचे होते. कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर टर्नर म्हणून काम करत. घरात पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. थोरले बंधू दोन गल्ल्या सोडून राहणारे. गाव गुहागर तालुक्यातले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. शिधापत्रिका केशरी असल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळणार होता, मात्र कामावर खाडा पडला की रोजी बुडत होती.

गाठ आणि वाया गेलेले सात आठवडे

मे महिन्याच्या अखेरीस लोखंडी बार उतरवताना तो उजव्या मांडीवर आपटला, असे सांगत ते आले. मांडीच्या पुढच्या भागात खोलवर काहीतरी कडक लागत होते, दुखत फारसे नव्हते. मार लागून स्नायूत रक्त साकळले असणार, असे मी धरले आणि सूज उतरण्याच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी फरक नव्हता, तेव्हा गोळ्या बदलल्या. मार लागल्यामुळे सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींत उगवणारा कर्करोग, होत नाही. मार लागल्यामुळे माणूस आपल्या मांडीकडे लक्ष देतो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते. हे मी शिकलेलो होतो, पण समोर बार आपटल्याची इतकी सरळ हकीकत असताना मला ते आठवले नाही.

जुलैच्या मध्यावर त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. त्यांनी पिशवीतून एक पँट काढली आणि टेबलावर पसरली. उजव्या पायाची शिवण शिंप्याकडून उसवून घेतलेली होती, आणि महिन्याभरात ती दुसऱ्यांदा उसवावी लागली होती. "डॉक्टर, सूज असती तर कधी कमी कधी जास्त झाली असती ना? ही वाढतेच आहे," असे त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी ४९ सेंटिमीटर, उजवी ५४. सात आठवडे मी फक्त हाताने चाचपून पाहत होतो.

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आवरणाखाली खोल असलेली किंवा वाढत जाणारी कोणतीही गाठ कर्करोग नाही असे सिद्ध होईपर्यंत संशयितच मानायची, हा साधा नियम आहे. श्री. अ. यांच्या गाठीला तिन्ही लक्षणे लागू होती.

पहिला निर्णय: काढून पाहायचे की आधी तपासायचे

सोनोग्राफीत स्नायूच्या आत बारा सेंटिमीटरच्या आसपासची घन गाठ दिसली. जवळच्या एका नर्सिंग होममधल्या सर्जननी ती पाहिली आणि येत्या गुरुवारी काढून टाकू, मग तपासायला पाठवू, असे सांगितले. कुटुंबाला हे पटले. गाठ अंगातून गेली की सुटलो, ही भावना इतकी स्वाभाविक आहे की तिला विरोध करायला कुणालाही जड जाते. मीही मान डोलावली होती.

हे थांबले ते सोनोग्राफी करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टबाईंच्या फोनमुळे. "याला कुणाला हात लावू देऊ नका, आधी एमआरआय करा आणि ज्या ठिकाणी हे नेहमी पाहतात तिथेच सुई घाला," एवढेच त्या बोलल्या. सार्कोमाची गाठ वरवर पाहता पिशवीत बांधल्यासारखी दिसते आणि सर्जनला ती सहज सोलून निघेल असे वाटते. प्रत्यक्षात ती पिशवी दाबल्या गेलेल्या गाठीचीच बनलेली असते आणि तिच्याबाहेरही कर्कपेशी असतात. ती सोलून काढली तर त्या पेशी जखमेच्या साऱ्या पोकळीत पसरतात, आणि पुढच्या सर्जनला ती संपूर्ण पोकळी, टाक्यांसकट आणि ड्रेनच्या (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) छिद्रासकट, पुन्हा कापून काढावी लागते. म्हणूनच गाठीचा तुकडा जाड सुईने घ्यायचा असतो, आणि सुई जिथून आत गेली ती वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदरेषेतच यायला हवी, म्हणजे गाठीबरोबर ती वाटही काढता येते. तुकडा घेणारा आणि शस्त्रक्रिया करणारा यांनी आधी बोलून ठेवलेले असणे येथे आवश्यक ठरते.

गुरुवारची तारीख रद्द केली. थोरल्या बंधूंना ते आवडले नाही. ठरलेले ऑपरेशन डॉक्टरच मोडतात, याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला आणि त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत.

निदान

मध्य मुंबईतल्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात एमआरआय झाला. गाठ १२.४ सेंटिमीटरची, मांडीच्या पुढच्या स्नायूंमध्ये, मांडीच्या हाडाला टेकलेली पण हाडात न शिरलेली, मुख्य रक्तवाहिन्यांना आतल्या बाजूला ढकलणारी पण त्यांना वेढा न घालणारी. जाड सुईने घेतलेल्या तुकड्याचा अहवाल दोन आठवड्यांनी आला: अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, ग्रेड ३. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ होता.

मृदू ऊतींचे सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, मज्जातंतूंची आवरणे अशा ठिकाणी उगवणारे कर्करोग. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे १ टक्का, आणि त्या एका टक्क्यात पन्नासहून अधिक प्रकार. ग्रेड ठरवताना पेशी मूळ ऊतीपासून किती वेगळ्या दिसतात, किती वेगाने विभागतात आणि गाठीचा किती भाग आपोआप मेलेला आहे, या तीन गोष्टींना गुण दिले जातात. तीन हा सर्वांत वरचा ग्रेड.

खरा प्रश्न कोणता होता

अहवाल वाचून घरच्यांचे सारे लक्ष पायावर गेले. बंधू म्हणाले, "पाय कापायचा तर कापा, पण माणूस राहू दे." पाय जितका वरून कापावा तितका जीव सुरक्षित, असा त्यांचा हिशेब होता, आणि अनेक वर्षे डॉक्टरांचाही तोच हिशेब होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झालेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो मोडला. ४३ रुग्णांपैकी १६ जणांचा अवयव कापला गेला, २७ जणांचा वाचवून त्याला रेडिएशन दिले गेले. वाचवलेल्यांपैकी चौघांत गाठ त्याच जागी परतली, तरीही जगण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक पडला नाही. याचे कारण असे की या आजारात जीव सहसा मांडीतल्या गाठीमुळे जात नाही, रक्तातून फुप्फुसात गेलेल्या पेशींमुळे जातो, आणि त्या पेशी पाय कापण्याआधीच निघून गेलेल्या असू शकतात.

श्री. अ. यांच्यासारख्या मोठ्या, खोल आणि ग्रेड ३ च्या गाठींमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्णांत पुढे आजार दूर पसरतो. स्वच्छ सीटीचा अर्थ एवढाच, की आज डोळ्यांना दिसण्याइतके मोठे काही तिथे नाही. तेव्हा न दिसणाऱ्या पेशींसाठी केमो द्यावी का, द्यायची तर शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर, आणि तिच्यासाठी या माणसाला काय किंमत मोजावी लागेल, हा प्रश्न उरला.

पर्याय आणि त्यांच्यामागचा पुरावा

उपचार ठरवण्यासाठी वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र बसतात त्या ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत रुग्णाचे नातेवाईक नसतात. मला मात्र सर्जनच्या सौजन्याने मागच्या खुर्चीवर बसता आले. अशा बैठकीत सगळे एकमताने बोलत असतील ही माझी समजूत पहिल्या पाच मिनिटांत गेली.

एक मत असे होते, की शस्त्रक्रिया आणि रेडिएशन एवढेच करावे. त्याला आधार भक्कम होता. शस्त्रक्रियेनंतर केमो दिलेल्यांची केमो न दिलेल्यांशी तुलना करणारी सर्वांत मोठी एकल चाचणी युरोपात झाली. ३५१ रुग्णांची ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच, ६७ टक्क्यांच्या आसपास निघाले. त्याआधी १९९७ मध्ये १४ चाचण्यांतील १५६८ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली होती. त्यात दहा वर्षांपर्यंत आजार न परतलेल्यांचे प्रमाण केमोमुळे ४५ वरून ५५ टक्क्यांवर गेलेले दिसले, पण एकूण जगण्यातली वाढ ५० वरून ५४ एवढीच होती आणि ती योगायोगाचीही असू शकत होती.

दुसऱ्या मताचे म्हणणे असे, की हे सर्व आकडे सरमिसळीचे आहेत. २०१२ च्या चाचणीत लहान आणि मधल्या ग्रेडच्या गाठींचे रुग्णही होते, ज्यांना मुळातच केमोची गरज कमी होती, आणि आयफोस्फामाइड या केमोच्या औषधाची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे आजच्या मानाने तोकडी होती. इटलीतील अभ्यासकांनी वय, गाठीचा आकार, ग्रेड आणि प्रकार घालून रुग्ण दहा वर्षांनी जिवंत असण्याची शक्यता किती टक्के, याचा अंदाज देणारे सार्क्युलेटर नावाचे साधन तयार केले आहे. त्या साधनाने याच चाचणीतले रुग्ण पुन्हा चाळले गेले, तेव्हा ज्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली होता त्यांच्यात केमोने मृत्यूचा धोका सुमारे निम्मा केलेला दिसला. ज्यांचा अंदाज चांगला होता त्यांना काहीच लाभ नव्हता. दोन्ही एकत्र मोजल्यावर सरासरी शून्याजवळ आली. श्री. अ. यांचा अंदाज निम्म्याच्या जरासा वर, अगदी काठावर निघाला.

मागाहून केलेल्या अशा विश्लेषणावर किती विसंबायचे, याबद्दल मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे केमो देणारे कर्करोगतज्ज्ञ, स्वतःच सावध होते. त्यांचा भर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीवर अधिक होता. तिच्यात उच्च धोक्याच्या २८७ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी तीन केमो दिल्या गेल्या; निम्म्यांना एपिरुबिसिन आणि आयफोस्फामाइड ही नेहमीची जोडी, निम्म्यांना सार्कोमाच्या प्रकारानुसार निवडलेले औषध. नेहमीची जोडी सरस ठरली, आणि पुढच्या पाठपुराव्यात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ७६ विरुद्ध ६६ टक्के असे आले. मात्र या चाचणीत केमो न दिलेला गट नव्हता, याची आठवण बोर्डातल्या एका ज्येष्ठ सर्जननी करून दिली, आणि ती रास्त होती. दोन केमोंमध्ये एक चांगली ठरली म्हणजे केमो नसण्यापेक्षा ती किती चांगली, हे त्यातून थेट कळत नाही.

आधी की नंतर, यावर मतभेद कमी होते. आधी दिली तर रुग्ण ताजातवाना असतो, औषधे पूर्ण मात्रेत पेलतो आणि गाठीवर होणारा परिणाम तपासता येतो. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली की केमो महिनोन् महिने लांबते आणि पुष्कळदा होतच नाही. धोका एवढाच, की औषध लागू पडले नाही तर नऊ आठवड्यांत गाठ वाढून रक्तवाहिन्यांना वेढू शकते. म्हणून दुसऱ्या केमोनंतर तपासणी करायची आणि वाढ दिसली तर तिथेच थांबून शस्त्रक्रिया करायची, असे ठरले. पाच केमोंऐवजी तीन पुरेशा आहेत हे ३२८ रुग्णांच्या एका इटालियन चाचणीने २०१२ मध्ये दाखवले होते, त्यामुळे संख्या तीन.

शेवटचा शब्द श्री. अ. यांचा होता. ऑन्कॉलॉजिस्टनी केसपेपरच्या मागे आकडे लिहून दाखवले: तुमच्यासारखे शंभर जण घेतले, तर केमोशिवायही जवळपास पन्नास जण बरे राहतील, केमो दिल्यास त्यांत कदाचित दहा जणांची भर पडेल, उरलेले चाळीस जण केमो घेऊनही आजाराला बळी पडतील, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे मला आज सांगता येणार नाही, नंतरही येणार नाही. श्री. अ. यांनी विचारले, "नाही घेतली आणि उलटलं तर तेव्हा घेता येईल का?" उत्तर असे होते, की घेता येईल, पण तेव्हा ती सहसा आजार बरा करण्यासाठी नसेल, आयुष्य लांबवण्यासाठी असेल. दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला.

केमोचे आठवडे

टूडी इको करून हृदयाचे काम तपासले, कारण आयफोस्फामाइडच्या जोडीला द्यायची डॉक्सोरुबिसिन (एपिरुबिसिनच्याच गटातली) हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते आणि तिच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा असते. मूत्रपिंडे तपासली, कारण आयफोस्फामाइडची झळ त्यांना लागते. योजनेच्या मंजुरीत चार दिवस गेले. आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या) खिडकीसमोर बंधूंनी दोन सकाळी काढल्या. तीन दिवस भरती, डॉक्सोरुबिसिन प्रति चौरस मीटर एकूण ७५ मिलिग्रॅम, आयफोस्फामाइड ९ ग्रॅम, आणि मूत्राशयाच्या अस्तराला जखम होऊ नये म्हणून सोबत मेस्ना. लघवी लाल होईल, ते रक्त नसून औषधाचा रंग आहे, हे आधी सांगितले होते. रात्रपाळीची सिस्टर दर काही तासांनी त्यांना नाव आणि वार विचारी, त्याची त्यांना गंमत वाटली. आयफोस्फामाइडने मेंदूवर परिणाम होऊ लागला तर तो अशा साध्या प्रश्नांतून लवकर कळतो, हे त्यांना मी नंतर सांगितले.

या औषधांनी वंध्यत्व येऊ शकते. शुक्राणू गोठवून ठेवायचे आहेत का, हा प्रश्न त्यांना भरतीच्या सकाळी, हातात सुई टोचलेली असताना, आई आणि मुलगी पलंगाशी उभ्या असताना विचारला गेला. त्यांनी मान हलवून नाही म्हटले. दुसरे मूल हवे होते की नव्हते, हे पतिपत्नींनी एकमेकांशी बोललेलेच नव्हते.

पहिली केमो सुरळीत गेली. दुसऱ्या केमोचा नववा दिवस गणेश चतुर्थीला येत होता. नेमक्या याच काळात पांढऱ्या पेशी तळाला जातात. गुहागरला जायचे नाही, हे रुग्णालयाने बजावले होते आणि घरच्यांनी ऐकले. त्याऐवजी भांडुपलाच बंधूंच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसला. पेशी वाढवण्याची इंजेक्शने सात दिवस माझ्या दवाखान्यात द्यायची होती, ती माझ्याच फ्रिजमध्ये ठेवलेली होती. चतुर्थीला आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद होता. मी नेहमीप्रमाणे बंद ठेवला. दोन इंजेक्शने चुकली, आणि हे माझ्या लक्षात आले ते तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडल्यावर.

अकराव्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप आला, १०१.८. पत्नीने पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, सगळे झोपले. रुग्णालयाने दिलेल्या इंग्रजी पत्रकात १००.४ च्या वर ताप गेल्यास त्वरित यावे असे छापलेले होते. ते पत्रक मुलीच्या दप्तराच्या कप्प्यात, नीट घडी करून ठेवलेले होते. सकाळी मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. तपासणीत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमागे फक्त १८० निघाल्या. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक्स द्यावी लागली. चुकलेल्या दोन इंजेक्शनांमुळेच हे झाले असे खात्रीने म्हणता येत नाही, सातही इंजेक्शने घेतलेल्यांनाही असा ताप येतो. पण तो हिशेब मी स्वतःच्या समाधानासाठी वापरू इच्छित नाही.

दुसरा निर्णय: तिसरी केमो द्यायची का

याच सुमारास झालेल्या एमआरआयमध्ये गाठ १२.४ वरून ११.८ झाली होती. घरात रडारड झाली. इतका छळ सोसून अर्धा सेंटिमीटर. बंधूंनी स्पष्ट विचारले, की हे थांबवून आता ऑपरेशन का करत नाही.

सार्कोमाच्या बाबतीत आकार हा फसवा मापदंड आहे. गाठ मेली तरी तिची जागा द्रव आणि मृत ऊतींनी भरलेली राहते, आणि बाहेरून मोजले तर ती तेवढीच दिसते. नव्या एमआरआयमध्ये गाठीचा मधला मोठा भाग रक्तपुरवठा तुटल्यासारखा काळा पडला होता. औषध काही तरी करत होते. बोर्डाने तिसरी केमो द्यावी, पण एक आठवडा उशिरा, मात्रा २० टक्के कमी करून, आणि सात इंजेक्शनांऐवजी दीर्घकाळ टिकणारे एकच इंजेक्शन रुग्णालयातून निघतानाच ठरवून द्यावे, असे सुचवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत नाजूक निर्णय होता. दोनवर थांबणेही चूक ठरले नसते. श्री. अ. यांनी "जॉब अर्धवट सोडत नाही" एवढेच म्हटले. तिसरी केमो तापाशिवाय पार पडली.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा मोठा भाग, सुईची वाट आणि हाडावरचे आवरण असे सारे एकसंध काढले. मुख्य रक्तवाहिन्या आणि हाड राहिले. अहवालात गाठीचा सुमारे ७० टक्के भाग मृत होता. हाडांच्या ऑस्टिओसार्कोमात या टक्केवारीवरून पुढचा अंदाज जितक्या भरवशाने बांधतात तितका येथे बांधता येत नाही, हे सर्जननी आपणहून सांगितले. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे तिथे कर्कपेशी नव्हत्या; सर्वांत जवळची कड हाडाच्या बाजूला, ४ मिलिमीटर. ते ऐकून श्री. अ. पलंगावरूनच म्हणाले, "म्हणजे सव्वा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी सर्जनना समजावले.

रेडिएशन आधी की नंतर, हा वाद केमोपूर्वीच झाला होता. कॅनडातल्या २००२ च्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी रेडिएशन दिलेल्यांत जखमेच्या तक्रारी ३५ टक्के होत्या, नंतर दिलेल्यांत १७. उलट नंतर दिल्यास मात्रा जास्त लागते आणि कालांतराने स्नायू आखडण्याचे प्रमाण वाढते. केमोने थकलेल्या माणसाच्या मांडीवर न भरणारी जखम नको, म्हणून नंतर देण्याचे ठरले: ३० बैठका, एकूण मात्रा ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचे माप).

सहा आठवडे ते रोज सकाळी भांडुपहून लोकलने परळला जात. कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येते. दोन्ही पाय जागेवर दिसत असल्याने एकदा एकाने त्यांना उतरायला सांगितले. पत्नीने बोलणे टाळून रुग्णालयाचे कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर धरले, आणि मुलुंडहून बसलेल्या एका बाईने सरकून जागा दिली.

निष्पत्ती

गुडघा आज ९५ अंशांपर्यंत वाकतो. आठ तास लेथपाशी उभे राहता येत नाही. वर्कशॉपच्या मालकांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवले आहे. दुसऱ्यांनी कातलेले जॉब ते व्हर्नियरने मोजतात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे.

शस्त्रक्रियेनंतर दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी होत होता. सोळाव्या महिन्यात उजव्या फुप्फुसात ६ मिलिमीटरचा एक ठिपका दिसला, पुढच्या स्कॅनमध्ये तो ११ मिलिमीटर झाला. एकच ठिपका, वर्षभराहून अधिक अंतराने आलेला, काढण्याजोगा; दुर्बिणीतून तो काढला, आणि तो याच आजाराचा निघाला. पुन्हा केमो द्यावी का, याची चर्चा होऊन ती न देण्याचे ठरले. त्याला आता तेरा महिने झाले आहेत आणि शेवटचा स्कॅन स्वच्छ आहे.

फुप्फुसातला ठिपका कळला त्या संध्याकाळी बंधू माझ्याकडे आले होते. "मग केमो फुकटच गेली ना, डॉक्टर?" मी त्यांना सांगितले, की मला माहीत नाही. केमो दिली नसती तर एकाऐवजी आठ ठिपके सहाव्या महिन्यात आले असते, असेही शक्य आहे, आणि अगदी हाच एक ठिपका याच महिन्यात आला असता, असेही शक्य आहे. ऑन्कॉलॉजिस्टनी केसपेपरच्या मागे लिहिलेले ते आकडे बंधूंनी जपून ठेवले होते. ते त्यांनी खिशातून काढले, पाहिले आणि परत ठेवले.

वेगळे काय करता आले असते

पहिले सात आठवडे माझे होते. दोन आठवड्यांत न उतरणारी, खोल, पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ मी आता सोनोग्राफीशिवाय सोडत नाही, आणि टेप टेबलाच्या वरच्या खणात असते. गुरुवारचे ऑपरेशन टळले ते एका रेडिऑलॉजिस्टच्या दक्षतेमुळे. आमच्यापैकी कोणाच्याही पद्धतीमुळे नव्हे.

केमो देण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. अंदाज ७० टक्क्यांचा असता, गाठ सहा सेंटिमीटरची असती किंवा रुग्ण सत्तरीचा असता, तर हाच निर्णय मला चुकीचा वाटला असता. रेडिएशनच्या क्रमाबद्दल माझी तितकी खात्री नाही. लेथपाशी उभे राहणे हेच ज्याचे पोट, त्याच्यासाठी पुढे कायम राहणाऱ्या आखडलेपणाचे वजन काही आठवड्यांच्या जखमेपेक्षा जास्त धरायला हवे होते, आणि त्याचे काम काय आहे हे बोर्डापुढच्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, मला ते माहीत होते, मी बोललो नाही. व्यायामोपचारही जखम भरल्यावर लगेच सुरू होऊ शकले असते, ते रेडिएशन संपल्यानंतर सुरू झाले.

शुक्राणू गोठवण्याचा प्रश्न बायोप्सीचा अहवाल आला त्याच दिवशी, दार बंद करून, फक्त पतिपत्नींना विचारायचा होता. त्यासाठी मध्ये दोन आठवडे उपलब्ध होते.

तापाचे पत्रक मी मराठीत पुन्हा लिहिले. त्यात तीनच ओळी आहेत: ताप १००.४ च्या वर गेला की गोळी देऊन वाट पाहू नये, रात्र असली तरी निघावे, आणि पोहोचल्यावर पहिले वाक्य "केमो चालू आहे" असे बोलावे. ते फ्रिजच्या दारावर चिकटवून येण्याचे काम माझ्या कंपाउंडरकडे आहे. दवाखान्याच्या फ्रिजची दुसरी किल्ली आता समोरच्या केमिस्टकडे असते, आणि 'गणपतीनिमित्त दोन दिवस बंद' या पाटीखाली इंजेक्शनवाल्यांसाठी माझा घरचा नंबर लिहिलेला असतो.